जमशेटजी बमनजी वाडिया

जमशेटजी बमनजी वाडिया (सुमारे इ.स. १७५४ – ऑगस्ट, इ.स. १८२१) हे मुंबईच्या गोदीतील प्रमुख नौकाबांधणीकार होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या या गोदीत त्यांनी कंपनीसाठी, खाजगी व्यापाऱ्यांसाठी आणि ब्रिटिश नौदलासाठी सागवानी शिडाची जहाजे बांधली. ब्रिटिश नौदलासाठी मुंबईत बांधलेली पहिली फ्रिगेट आणि ७४ तोफांचे पहिले जहाज ही दोन्ही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. त्यांनी बांधलेली ट्रिंकोमाली ही फ्रिगेट (जलावतरण १८१७) इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर असून, जगातील तरंगत्या अवस्थेत टिकलेल्या सर्वांत जुन्या युद्धनौकांमध्ये तिची गणना होते.

जमशेटजींच्या कामाची माहिती आराखडे, पत्रव्यवहार, नोंदवह्या, चित्रे आणि प्रत्यक्ष जहाजांचे अवशेष यांतून मिळते. ही साधने सर्वत्र एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे त्यांच्या जहाजांच्या प्रतिकृती बनवणारे, जुन्या जहाजांचे जतन करणारे आणि नाविक इतिहासाचे अभ्यासक यांना प्रत्येक तपशील पडताळून घ्यावा लागतो.

घराणे व पार्श्वभूमी

वाडिया घराणे मूळचे सुरत परिसरातील पारशी. गुजराती भाषेत जहाज बांधणाऱ्यास 'वाडिया' म्हणतात आणि व्यवसायाचे हे नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले. जमशेटजींचे आजोबा लवजी नसरवानजी वाडिया (१७०२–१७७४) हे सुरतेत जहाजबांधणीचे काम करीत होते. इ.स. १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना काही सुतारांसह मुंबईस आणले. त्या वेळी मुंबई हे सुरतेच्या मानाने लहान बंदर होते. कंपनीला आपल्या जहाजांच्या दुरुस्तीसाठी आणि कोकण किनाऱ्यावरील आंग्र्यांच्या आरमारापासून व्यापाराचे रक्षण करणारी जहाजे बांधण्यासाठी स्वतःची गोदी हवी होती.

लवजींच्या कारकिर्दीत मुंबईत सुक्या गोद्या बांधण्यात आल्या. पहिली सुकी गोदी इ.स. १७५० मध्ये वापरात आली आणि पुढील पंधरा वर्षांत तिला लागून आणखी दोन गोद्या तयार झाल्या. मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी येते. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज गोदीत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजे बंद करून तळ उघडा करायचा, असे काम येथे सोयीचे होते. पश्चिम किनाऱ्यावर मुंबईचे महत्त्व वाढण्यास या गोद्या कारणीभूत ठरल्या.

लवजींच्या पश्चात त्यांचे पुत्र माणेकजी आणि बमनजी यांनी गोदीचा कारभार सांभाळला. जमशेटजी हे बमनजींचे पुत्र होत. माणेकजींचे पुत्र फ्रामजी हे जमशेटजींचे चुलतभाऊ आणि पुढे कामातील जोडीदार होते.

गोदीतील शिक्षण

नौकाबांधणीचे शिक्षण देणारी शाळा त्या काळी मुंबईत नव्हती. वाडिया घराण्यातील मुले गोदीतच काम शिकत. लवजींनी आपले नातू फ्रामजी आणि जमशेटजी यांना सामान्य सुतार म्हणून दरमहा बारा रुपयांवर कामास लावल्याचे सांगितले जाते. घराण्याचे नाव मोठे असले तरी तासणी, रंधा, खाच पाडणे, लाकूड वाकवणे, फळ्यांच्या सांध्यात कापूस व राळ भरणे ही सर्व कामे हाताने करूनच वरच्या जागेवर जाता येत असे.

या पद्धतीचा परिणाम पुढे दिसून आला. इंग्लंडमध्ये आराखडा काढणारा आणि जहाज बांधणारा हे बहुधा वेगवेगळे लोक असत. मुंबईत मात्र इंग्रजी आराखडा वाचणे, त्यावरून पूर्ण मापाचे साचे काढणे, जंगलातून आलेल्या ओंडक्यांतून योग्य वळणाचे लाकूड निवडणे आणि प्रत्यक्ष बांधणीवर देखरेख ठेवणे ही सर्व जबाबदारी प्रमुख नौकाबांधणीकारावर असे.

प्रमुख नौकाबांधणीकार

बमनजी यांचा इ.स. १७९० मध्ये आणि माणेकजी यांचा इ.स. १७९२ मध्ये मृत्यू झाल्यावर फ्रामजी आणि जमशेटजी यांच्याकडे गोदीचे प्रमुखपद आले. इ.स. १८०४ मध्ये फ्रामजींचे निधन झाले आणि त्यानंतर जमशेटजी हे गोदीतील सर्वांत अनुभवी बांधणीकार म्हणून ओळखले जाऊ लागले.

या काळातील त्यांचे एक महत्त्वाचे जहाज म्हणजे इ.स. १८०० मध्ये कंपनीसाठी बांधलेली कॉर्नवॉलिस ही युद्धनौका. ती मजबूत आणि वेगवान असल्याने ब्रिटिश नौदलाने इ.स. १८०५ मध्ये विकत घेतली आणि इ.स. १८११ मध्ये तिचे नाव अकबर असे ठेवले. जहाजाच्या आतील कण्यावर, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईवर आतून बसवलेल्या लाकडावर, जमशेटजींनी बांधणीच्या वेळी एक ओळ कोरली होती अशी कथा सांगितली जाते. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी असणारी वर्णद्वेषी शिवी स्वतःलाच लावून, हे जहाज अशा माणसाने बांधले असे त्यांनी सालासह तेथे नोंदवले होते. बऱ्याच वर्षांनंतर जहाज दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आले, तेव्हा त्यांनी ती ओळ दाखवून दिली असे कथेत पुढे येते. पारशी समाजाच्या आणि मुंबई गोदीच्या इतिहासग्रंथांतून ही कथा प्रसिद्ध झाली आहे.

कॉर्नवॉलिस हे नाव जमशेटजींच्या दोन निरनिराळ्या जहाजांना होते, हे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दुसरी कॉर्नवॉलिस ही ७४ तोफांची असून तिचे जलावतरण १२ मे १८१३ रोजी झाले. इ.स. १८४२ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह याच दुसऱ्या जहाजावर झाला. दोन्ही जहाजांचा इतिहास एकमेकांत मिसळल्याने जुन्या लेखनात काही वेळा गोंधळ झालेला आढळतो.

ब्रिटिश नौदलासाठी बांधणी

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सशी सुरू झालेल्या दीर्घ युद्धांमुळे ब्रिटनमधील ओक लाकडाचा साठा कमी पडू लागला. मोठ्या युद्धनौकेसाठी हजारो ओक वृक्ष लागत आणि वाकड्या फांद्यांचे जाड लाकूड मिळणे दुर्मीळ झाले होते. याउलट मलबारच्या जंगलांतील सागवान मुंबईस समुद्रमार्गे येत असे. मुंबईत बांधलेली जहाजे दीर्घकाळ टिकतात हे कंपनीच्या अनुभवातून सिद्ध झाले होते. तरीही ब्रिटिश नौदलाने आपल्या युद्धनौका वसाहतीतील गोदीत आणि भारतीय बांधणीकाराकडून बांधून घ्याव्यात काय, यावर ब्रिटनमध्ये मतभेद होते. थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणी व्यावसायिकांचा भारतीय बांधणीच्या जहाजांना विरोध होता, कारण त्यात त्यांचे काम जाण्याची भीती होती.

नौदलासाठी जमशेटजींनी बांधलेली पहिली फ्रिगेट १७ जानेवारी १८०५ रोजी पाण्यात उतरली. तिचे नाव प्रथम पिट असे होते आणि इ.स. १८०७ मध्ये ते बदलून सॅल्सेट करण्यात आले. हे नाव मुंबईलगतच्या साष्टी बेटाचे इंग्रजी रूप आहे. ब्रिटिश नौदलासाठी बांधलेले हे पहिले सागवानी जहाज मानले जाते. इ.स. १८०८–०९ च्या हिवाळ्यात ती बाल्टिक समुद्रात बर्फात अडकली, तरी सुखरूप परतली. इ.स. १८१० मध्ये इंग्रज कवी बायरन याच जहाजावरून प्रवास करीत होते आणि जहाज नांगरलेले असताना त्यांनी डार्डनेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली. सॅल्सेटने मिळवलेल्या नावामुळे सागवानी युद्धनौकांविषयीचा नौदलाचा विश्वास वाढला.

यानंतर ७४ तोफांच्या जहाजाचे काम हाती घेण्यात आले. समुद्रावरील मोठ्या लढाईत एका रांगेत उभे राहून तोफा डागणाऱ्या जहाजांमध्ये ७४ तोफांचा प्रकार त्या काळी सर्वाधिक प्रचलित होता. मिंडेन हे असे जहाज मुंबईच्या नव्या डंकन गोदीत बांधण्यात आले. १९ जून १८१० रोजी भरतीच्या वेळी ते गोदीतून पाण्यात तरंगवत बाहेर काढण्यात आले. या समारंभास मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन उपस्थित होते आणि बॉम्बे कुरियर या वृत्तपत्रात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. उतरत्या घसरगुंडीवरून जहाज पाण्यात सोडण्याची युरोपातील रीत येथे वापरलेली नव्हती. जलावतरणाचे चित्र किंवा देखावा तयार करताना ही बाब महत्त्वाची ठरते.

मिंडेननंतर जमशेटजींच्या काळात मुंबईत नौदलासाठी कॉर्नवॉलिस (१८१३), वेलस्ली (१८१५), मेलविल (१८१७) आणि मलबार (१८१८) ही ७४ तोफांची जहाजे, तसेच अँफिट्राइट (१८१६), ट्रिंकोमाली (१८१७) आणि सेरिंगापटम (१८१९) या फ्रिगेट तयार झाल्या.

सागवान आणि बांधणीची पद्धत

ओक लाकडात टॅनिक आम्ल असते आणि त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे व बोल्ट गंजतात. सागवानात नैसर्गिक तेल असते. हे तेल लोखंडाचे रक्षण करते आणि लाकडाला कीड व कुज यांपासून वाचवते. सागवान वाळताना फारसे आकसत नाही, म्हणून सांधे घट्ट राहतात. मुंबईत बांधलेली जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली, याचे हे प्रमुख कारण होय.

पश्चिम किनाऱ्यावरील कारागीर तळाच्या फळ्या एकमेकींत खाच बसवून जोडत. एका फळीच्या कडेला कोरलेली खाच दुसऱ्या फळीच्या कडेत बसे आणि मध्ये कापूस व राळ भरली जाई. युरोपीय प्रवाशांनी सुरत-मुंबईच्या जहाजांचे हे वैशिष्ट्य म्हणून नोंदवले आहे. पाण्याखालील भागास चुना व तेल यांचा लेप देण्याची रीतही येथे होती. नौदलाच्या जहाजांच्या तळाला मात्र तांब्याचे पत्रे ठोकले जात.

प्रतिकृती तयार करताना लाकडाच्या या फरकाचा परिणाम होतो. ओकच्या जहाजाचे नमुने पाहून सागवानी जहाजाच्या लाकडांची रुंदी, सांध्यांची जागा किंवा फळ्यांची लांबी गृहीत धरता येत नाही. सागाचे सरळ आणि लांब ओंडके उपलब्ध असल्याने मुंबईच्या बांधणीकाराची लाकडाची निवड इंग्लंडमधील गोदीपेक्षा वेगळी असे.

हरवलेले आराखडे

नौदलाच्या जहाजांचे आराखडे लंडनहून मुंबईस पाठवले जात. बांधणी त्याप्रमाणेच व्हावी अशी अपेक्षा असली तरी प्रवासात सहा महिने वा अधिक काळ जाई आणि वाटेत धोकेही असत. वेलस्ली या जहाजाच्या बाबतीत असे घडले. ते ब्लॅक प्रिन्स वर्गातील जहाजाच्या आराखड्याप्रमाणे बांधायचे ठरले होते. हे आराखडे घेऊन जावा ही ब्रिटिश फ्रिगेट भारताकडे निघाली. तिच्यावर मुंबईस येणारे सेनाधिकारी थॉमस हिस्लॉप हेही होते. इ.स. १८१७ च्या महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याविरुद्ध इंग्रज फौजेचे नेतृत्व याच हिस्लॉप यांनी केले.

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाची गाठ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या फ्रिगेटशी पडली. लढाईत जावाचा पराभव झाला आणि नंतर ती जाळण्यात आली. वेलस्लीचे आराखडे मुंबईस पोहोचलेच नाहीत. जमशेटजींनी नव्या आराखड्यांची वाट न पाहता, नुकत्याच पाण्यात उतरलेल्या कॉर्नवॉलिसच्या आकारानुसार वेलस्ली बांधले. त्याचे जलावतरण २४ फेब्रुवारी १८१५ रोजी झाले.

या घटनेमुळे लंडनमधील आदेशपत्रे आणि मुंबईत बांधलेले जहाज यांत तफावत निर्माण झाली. केवळ आदेशावर विसंबून वेलस्लीची प्रतिकृती केली तर तिची लांबी, तळाचा आकार आणि नाळेचे वळण दुसऱ्याच जहाजाचे येईल. मूळ आराखडा हाती नसताना ७४ तोफांचे जहाज तयार करून पाण्यात उतरवणे, यावरून जमशेटजींच्या कारखान्यातील साचे, मापे आणि कौशल्य किती परिपूर्ण होते याची कल्पना येते.

वेलस्ली पुढे कॉर्नवॉल या नावाने टेम्स नदीत प्रशिक्षण जहाज म्हणून वापरात होते. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ते बुडाले. शत्रूच्या हल्ल्यात बुडालेले शिडाच्या काळातील हे शेवटचे मोठे लढाऊ जहाज मानले जाते. बांधणीनंतर सव्वाशे वर्षे ते पाण्यावर होते. त्याच्या नाळेवरील कोरीव मूर्ती चॅटम येथील ऐतिहासिक गोदीत जतन करण्यात आली आहे.

ट्रिंकोमाली

ट्रिंकोमाली हे जमशेटजींच्या कामाचे सर्वांत पूर्ण असे उपलब्ध उदाहरण आहे. श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदराजवळ इ.स. १७८२ मध्ये झालेल्या लढाईवरून तिला नाव मिळाले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती मुंबईत पाण्यात उतरली. बांधणीचा खर्च सुमारे २३,००० पौंड आला. इ.स. १८१९ च्या जानेवारीत ती इंग्लंडच्या वाटेवर सेंट हेलेना बेटावर थांबली. तेथे नेपोलियन त्या वेळी कैदेत होता. एप्रिल अखेरीस ती पोर्ट्समथ येथे पोहोचली.

ही फ्रिगेट लेडा वर्गातील होती. लेडा या इंग्रजी जहाजाचा आकार हेबे या फ्रेंच फ्रिगेटवरून घेतला होता. हेबे ब्रिटिशांनी इ.स. १७८२ मध्ये पकडली होती आणि तिचा रचनाकार जाक-नोएल साने हा होता. म्हणजे ट्रिंकोमालीचा आकार फ्रेंच, आराखडा इंग्रजी, लाकूड मलबारचे आणि बांधणी मुंबईच्या पारशी बांधणीकाराची होती. याच वर्गाच्या सुधारित आकाराची, पण ओकमध्ये बांधलेली युनिकॉर्न (१८२४) ही फ्रिगेट स्कॉटलंडमधील डंडी येथे आहे. दोन्ही जहाजे शिल्लक असल्याने सागवान आणि ओक यांच्या बांधणीतील फरक अभ्यासकांना प्रत्यक्ष पाहता येतो.

युद्ध संपलेले असल्याने ट्रिंकोमाली दीर्घकाळ राखीव ठेवण्यात आली. इ.स. १८४५ मध्ये तिच्यात मोठे फेरफार करण्यात आले. मूळच्या ३८ तोफांऐवजी कमी, परंतु अधिक मारा करणाऱ्या तोफा बसवल्या गेल्या आणि जहाजाच्या मागील भागाचा आकार बदलला. त्यानंतर तिने अटलांटिक आणि प्रशांत महासागरात काम केले. पुढे ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली. इ.स. १८९७ मध्ये भंगारात विकली जाऊनही एका धनिकाने ती विकत घेतली आणि फूद्रॉयां हे दुसऱ्या बुडालेल्या जहाजाचे नाव देऊन पुन्हा तरुणांच्या प्रशिक्षणासाठी वापरली. हे काम इ.स. १९८६ पर्यंत चालले. इ.स. १९८७ मध्ये ती हार्टलपूल येथे आणण्यात आली. तेथे सुमारे दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्तीचे काम चालले आणि इ.स. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत देण्यात आले. या कामात तिच्या शरीरातील मुंबईच्या मूळ सागवानाचा बराच भाग अजून चांगल्या स्थितीत असल्याचे आढळले.

पुराव्यांची साधने

जमशेटजींच्या जहाजांच्या प्रतिकृती बनवताना पुढील साधनांचा उपयोग केला जातो.

ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ब्रिटिश नौदलाचे जुने आराखडे आहेत. हे आराखडे बहुधा एका फुटास पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणात काढलेले असतात. या प्रमाणात ट्रिंकोमालीचा सुमारे १५० फूट लांबीचा तोफांचा मजला ३७.५ इंच होतो आणि प्रतिकृतीत अर्धा इंच चुकला तर प्रत्यक्ष जहाजात दोन फुटांची चूक होते. आराखड्यातील बाह्यरेषा बहुधा फासळ्यांच्या बाहेरच्या कडेची असते आणि फळ्यांची जाडी त्यात धरलेली नसते. ही बाब लक्षात न घेतल्यास प्रतिकृती मूळ जहाजापेक्षा अरुंद होते. आराखडा ज्या तारखेचा आहे त्या वेळचे जहाज आणि प्रतिकृतीत दाखवायचे जहाज एकच आहे ना, हेही पाहावे लागते. उदाहरणार्थ, इ.स. १८१७ ची ट्रिंकोमाली दाखवायची असेल तर इ.स. १८४५ नंतरच्या चित्रांतील मागील भाग आणि तोफांची मांडणी वापरता येत नाही.

जहाजांच्या दैनंदिन नोंदवह्या लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिडे व डोलकाठ्या बदलल्या की त्यांची नोंद अशा वह्यांत सापडते. कंपनीची कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत, तर मुंबई सरकारची जुनी दफ्तरे मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत.

प्रत्यक्ष अवशेषांनाही महत्त्व आहे. सेरिंगापटम या फ्रिगेटच्या नाळेवर टिपू सुलतानाची मूर्ती रुख पक्ष्यावर बसलेली दाखवली होती आणि ती ग्रिनिच येथील संग्रहात आहे. श्रीरंगपट्टणचे इंग्रजी रूप असलेल्या नावामुळे आणि टिपूच्या पराभवाच्या स्मृतीमुळे ही मूर्ती निवडली गेली. नाळेच्या मूर्तीचा पोशाख, रंग आणि आकार आराखड्यात क्वचितच स्पष्ट असतात, म्हणून असा अवशेष मोलाचा ठरतो.

जमशेटजींचे स्वतःचे एक तैलचित्र ग्रिनिच येथे आहे. डॉर्मन या चित्रकाराने काढलेल्या या चित्रात ते पारशी पोशाखात असून त्यांच्याजवळ जहाजाचा आराखडा व कंपास दाखवले आहेत आणि खिडकीतून मिंडेन दिसते. आराखडा हाती असलेला भारतीय बांधणीकार म्हणून त्यांची ओळख या चित्रातून झाली आहे.

मिंडेनविषयीची कथा

अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द कवी फ्रान्सिस स्कॉट की यांनी सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरवरील तोफमारा पाहताना मिंडेनवर बसून लिहिले, असा दावा मुंबईत अनेकदा केला जातो. तो भारतीय वृत्तपत्रांत व पुस्तकांतही आला आहे. परंतु तोफमाऱ्याच्या वेळी की हे कैद्याच्या सुटकेच्या वाटाघाटीसाठी आलेल्या अमेरिकी जहाजावर होते, असे अमेरिकी इतिहासकारांचे मत आहे आणि त्यामुळे हा दावा ग्राह्य धरला जात नाही. जहाजाच्या इतिहासात अशी कथा एकदा शिरली की तिच्या आधारे प्रतिकृतीवरील ध्वज, रंग आणि नामफलकही ठरवले जातात. मिंडेनचा प्रमाणित इतिहास यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. तिने इ.स. १८११ च्या जावा मोहिमेत आणि इ.स. १८१६ च्या अल्जीयर्सवरील तोफमाऱ्यात भाग घेतला. पुढे ती हाँगकाँग येथे रुग्णालय जहाज म्हणून वापरली गेली.

अखेरचा काळ आणि वारसा

जमशेटजींच्या अखेरच्या वर्षांत मुंबईत ८४ तोफांच्या गंगा या जहाजाचे काम सुरू होते. इंग्रजी कागदपत्रांत ते गँजेस असे नोंदलेले आहे. त्याचा आकार कॅनोपस या जहाजावरून घेतला होता. कॅनोपस हे मूळचे फ्रँकलिन हे फ्रेंच जहाज असून नाईलच्या लढाईत (१७९८) ब्रिटिशांनी पकडले होते. तेही साने यांच्याच रचनेचे होते. जहाज पाण्यात उतरण्यापूर्वी ऑगस्ट १८२१ मध्ये जमशेटजींचे निधन झाले. १० नोव्हेंबर १८२१ रोजी गंगेचे जलावतरण झाले. जमशेटजींचे पुत्र नवरोजी हे पुढे प्रमुख नौकाबांधणीकार झाले. गंगा बरीच वर्षे प्रशिक्षण जहाज होती आणि इ.स. १९३० मध्ये मोडीत निघाली. तिच्या कप्तानाची खोली इंग्लंडमधील डेव्हन येथील बर्ग बेटावरील हॉटेलात बसवण्यात आली आहे.

नवरोजींच्या काळातही मुंबईत मोठी सागवानी जहाजे बांधली गेली. पण वाफेच्या इंजिनाचा प्रसार झाल्यावर घराण्याच्या पुढील पिढीला नवे तंत्र शिकावे लागले. जमशेटजींच्या घराण्यातील जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे इ.स. १८३८ मध्ये जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि परतल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. याच घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी वाफेच्या इंजिनांवर काम केले आणि इ.स. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य होण्याचा मान मिळवला.

ब्रिटिश नौदलाच्या याद्यांत जहाजाच्या नावापुढे बहुधा वर्ग, तोफांची संख्या आणि रचनाकार यांचा उल्लेख येतो आणि बांधणीचे स्थळ मुंबई गोदी असे असते. त्यामुळे बांधणीकाराचे नाव अनेकदा मागे पडले. इ.स. १९५५ मध्ये रतनजी अर्देशीर वाडिया यांनी मुंबई गोदी आणि वाडिया बांधणीकारांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा जमशेटजींच्या कामाची सविस्तर नोंद एकत्र झाली. ज्या डंकन गोदीत त्यांनी मिंडेन बांधले ती मुंबईतील नौदल गोदीत अद्याप वापरात आहे, आणि त्यांच्या हातच्या मापांची पडताळणी करायची असेल तर हार्टलपूल येथील ट्रिंकोमालीच्या सागवानी फासळ्यांवर ती आजही करता येते.